मुंगीने निवडलेला टॉर्च

तीन टॉर्चमधला सगळ्यांत कमी उजेड पाडणारा जो, नेमका तोच मुंगीला हवा होता, आणि ही गोष्ट आईच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. भांडी घासताना तेच, कपड्यांच्या घड्या घालताना तेच. पोलिसात नोकरी, आठवड्याआड गस्त, अंधारे बोळ, बंद पडलेली गोदामं, कुठल्या जिन्याखाली कोण दबा धरून बसलंय याचा पत्ता नाही. आणि अशा ठिकाणी ही बया हातात मिणमिणता दिवा घेऊन जाणार! आईच्या लेखी उजेड म्हणजे उजेड. जितका जास्त तितकं पोर सुरक्षित. यात शिकण्यासारखं काय आहे, हेच तिला समजत नव्हतं.

पण मुंगीला समजावणं म्हणजे भिंतीला समजावणं.

मुंगी हे नाव बाबांनी ठेवलेलं. चार वर्षांची असताना स्वतःपेक्षा मोठी गादी ओढत ओढत तिने तीन मजले वर नेली होती. मध्ये दोनदा गादीखाली सापडली, पण कुणाला हात लावू दिला नाही. शाळेत धावण्याच्या शर्यतीत शेवटून पहिली आली, तेव्हा मास्तर निशाणं गुंडाळून निघाले होते तरी हिची उरलेली फेरी चालूच. पुढे पोलीस भरतीच्या वेळी उंचीच्या पट्टीखाली ती इतकी ताठ उभी राहिली, की मोजणारा म्हणाला, "अहो बाई, श्वास तरी घ्या." श्वास घेतला असता तर अर्ध्या सेंटीमीटरने गेली असती, असं बाबा अजून सांगतात.

आता नोकरीला आठ वर्षं झाली. एक आठवडा गस्त, एक आठवडा ठाण्यातल्या साहित्याच्या खोलीत. तिथे रेनकोट, पट्टे, हातमोजे, टॉर्च असलं सगळं सही घेऊन द्यायचं आणि सही घेऊन परत ठेवायचं. हे काम कुणालाच नको असतं. मुंगीने ते असं अंगाला लावून घेतलं, की तिच्या खोलीतून साधा सेल हलला तरी तिला कळायचं. तिचा गस्तीचा जोडीदार, ज्याला सगळं ठाणं मिशाळ म्हणतं, तो म्हणायचा, "हिच्याकडून हातमोजे घेण्यापेक्षा थंडी परवडली."

दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिलाही टॉर्च म्हणजे टॉर्चच होता.

तेव्हा गस्तीच्या आठवड्यात एका गॅरेजच्या मागून काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून कुणीतरी ठाण्यात कळवलं. मुंगी आणि मिशाळ गेले. खात्याचे टॉर्च चांगले झगझगीत, निळसर पांढरे. मारला की भिंतीवरचा पोपडान्पोपडा दिसावा. बोळात जमिनीवर काळपट डाग होते, एका ओळीत, मागच्या भिंतीपर्यंत गेलेले. मुंगीने वाकून पाहिलं. गॅरेजमागचा बोळ, काळपट डाग. तिने डायरीत लिहिलं, 'जमिनीवर तेलाचे डाग. संशयास्पद काही नाही.' आणि दोघं पुढे गेले.

सकाळी पेपर टाकणाऱ्याने उन्हात तेच डाग पाहिले, तर ते तांबडे होते.

गॅरेजचा म्हातारा रखवालदार पत्र्यावर पडला होता. पाय चिरला गेला, तसाच सरपटत तो भिंतीमागे जाऊन पडला. जीव वाचला; पाय गुडघ्याखालून गेला. मुंगी त्याला भेटायला इस्पितळात गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "माझ्याकडून चुकलं." म्हातारा चिडला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तुमचा उजेड भिंतीवरून माझ्या डोळ्यांवर आला होता, पोरी. तोंडातून आवाज फुटत नव्हता. मला वाटलं, तुम्ही बघितलंत."

त्या दिवशी मुंगी जेवली नाही. आई म्हणाली, "अगं, गॅरेजमागे कुणीही तेलच म्हणालं असतं."

"कुणीही नव्हतं, आई. मी होते."

आईने तिचं ताट झाकून ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात कांदा चिरताना मुंगीचं बोट कापलं. आई हळद शोधायला धावली, तर ही रक्ताचं बोट धरून दिवा बंद करायला निघालेली. "आई, थांब. पुसू नकोस." खात्याचा टॉर्च तिने बोटावर मारला. रक्त कसलं, काळ्या चहाचा ओघळ वाटत होता. मग माळ्यावरचा जुना पिवळ्या दिव्याचा टॉर्च काढला. मारल्याबरोबर लालभडक. मुंगी दोन्ही टॉर्च आलटून पालटून मारत राहिली, आणि आई पट्टी हातात घेऊन ओरडत राहिली, "अगं, आधी बांध तरी ते! लादी बघ!"

तेव्हापासून तिने ध्यास घेतला. दिव्यांच्या दुकानदारांना भंडावून सोडलं. हळूहळू तिला कळलं, की दिव्याचा उजेड किती हे वेगळं आणि त्या उजेडात रंग किती खरे दिसतात हे वेगळं. रंगांच्या खरेपणालाही शंभरपैकी एक अंक असतो. काही दिवे आपला सगळा जोर निळसर पांढऱ्यावर खर्च करतात. त्यांच्या उजेडात लाल असतोच कुठे, म्हणून लाल वस्तू तपकिरी दिसते आणि तपकिरी काळी. रंग खरे दाखवणारे दिवेही मिळतात, पण तेवढ्याच सेलवर त्यांचा उजेड कमी पडतो. दोन्ही हवं म्हणून चालत नाही.

यंदा ठाण्याचे जुने टॉर्च बाद झाले, आणि नवे कुठले घ्यायचे ते पाहायचं काम साहेबांनी साहित्याच्या खोलीवर, म्हणजे मुंगीवर टाकलं. तीन नमुने आले. किंमत जवळपास सारखीच. मुंगीने त्यांच्या नावांवर कागद चिकटवून क, ख, ग केलं. क म्हणजे डोळे दिपवणारा. ख मधला. ग हा रंगाचा अंक पंच्याण्णव असलेला, पण उजेड क च्या निम्म्याहून थोडा जास्त, इतकाच. साहेबांचा कल उघड क कडे होता. ते म्हणाले, "तुमचं म्हणणं असेल बरोबर. पण 'लाल लाल दिसतं' असं मी वर लिहून पाठवू का? मला आकडा द्या."

मग आकडा काढायचा कसा, हे विचारायला मुंगी आईच्या कामावर आली.

आई एका डेंटल लॅबमध्ये कामाला होती. कवळ्या आणि कृत्रिम दात तिथे बनत, आणि रंग जुळवण्याचं काम एकवीस वर्षं आईकडे होतं. माणसाचे दात पांढरे असतात, असं फक्त ज्यांनी कधी दात जुळवले नाहीत त्यांना वाटतं. आईच्या टेबलावर दातांच्या छटांची पट्टी होती, हिरड्यांच्या गुलाबी-तांबड्या टिकल्यांची वेगळी होती, आणि टेबल खिडकीला लागून होतं. ट्यूबच्या उजेडात जुळवलेला दात रोग्याच्या तोंडात गेल्यावर परक्यासारखा दिसतो, हे ती पहिल्याच वर्षी शिव्या खाऊन शिकली होती.

"पाच मोजेपर्यंत बघायचं," तिने मुंगीला सांगितलं. "जास्त बघितलंस की डोळा थकतो आणि खोटं बोलायला लागतो. मग या राखाडी पुठ्ठ्याकडे बघायचं. मग पुढची टिकली."

"एवढंच?"

"एवढंच शिकायला मला तीन वर्षं लागली, बाईसाहेब."

मुंगी हसली आणि पुठ्ठ्याचा तुकडा मागून घेऊन गेली. आपली कला लेकीच्या उपयोगाला आली म्हणून आईला बरं वाटलं. आपण आपल्याच हाताने त्या मिणमिणत्या टॉर्चला मदत करतोय, हे ती घरी पोहोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं नव्हतं.

मुंगीने एक फळी घेतली आणि तिच्यावर तळहाताएवढे वीस तुकडे लावले: काळं, गडद निळं, गडद हिरवं, किरमिजी, तपकिरी कापड, गंजका पत्रा, तेल पाजलेला पुठ्ठा, सुकलेलं रक्त लागलेली चिंधी. ते रक्त पुन्हा तिचंच. या वेळी तिने आईला सांगितलं नाही. ठाण्याच्या तळघरात जुन्या कागदपत्रांची खोली होती, तिथला दिवा काढला. एकेकाने आत जायचं, टॉर्च मारायचा, वीस तुकड्यांचे रंग कागदावर लिहायचे. बावीस जणांनी परीक्षा दिली.

सुट्टीच्या दिवशी मुंगी जेवायला घरी आली ती निकाल घेऊनच. ती ठाण्याच्या वसाहतीत राहायची. आठवड्यातून एकदा आईबाबांकडे यायची.

"क मध्ये सरासरी अकरा बरोबर. ख मध्ये चौदा. आणि ग मध्ये किती, सांगा बाबा."

"वीसपैकी बावीस."

"एकोणीस! वीसपैकी एकोणीस! उद्या दहा वाजता अहवाल साहेबांच्या टेबलावर."

"मिशाळला किती?" बाबांनी विचारलं. मिशाळ त्यांचा लाडका होता.

"तो तर काय! सगळ्यांसारखाच पहिल्या फेरीला क घेऊन आत गेला, बाहेर येऊन म्हणतो, सगळंच काळं आहे, एक फळी काळी रंगवून ठेवली असतीस तरी चाललं असतं. मग ख. आणि तिसऱ्या फेरीला ग घेऊन गेला तो दोन मिनिटांत बाहेर! म्हणतो, आता मी डोळे मिटूनसुद्धा सांगितलं असतं."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मुंगीही हसली. आई पाणी द्यायला उठली आणि तांब्या हातात तसाच धरून उभी राहिली.

"आई, तुझं तोंड का असं?"

"काही नाही. खा तू."

"कळलं मला. उजेड कमी, हेच ना?" मुंगीने पिशवीतून दोन टॉर्च काढून टेबलावर ठेवले. "हा क आणि हा ग. आज ठेव तुझ्याकडे, उद्या सकाळी घेऊन जाईन. तूच बघ. अगं, जो अंगावर येतो ना, तो पंधरा पावलांवरून येतो. तेवढं यात लख्ख दिसतं. आणि त्या क मध्ये पांढऱ्या भिंतीवर टॉर्च मारला की मीच आंधळी होते."

ती गेली. आईने भांडी घासायला घेतली, आणि मघाशी तांब्या हातात असताना जे मनात चमकून गेलं होतं ते आता नीट समोर येऊन बसलं.

फळी एकच. तुकडे तेच, जागा त्याच. आधी क, मग ख, मग ग, बावीसच्या बावीस जणांना त्याच क्रमाने. तिसऱ्या फेरीपर्यंत कोपऱ्यात काय आहे, मधल्या ओळीत काय आहे हे कुणालाही पाठ झालं असणार. शिवाय बाहेर आल्यावर गप्पा. लॅबमध्ये नव्या मुलीला तीच टिकली तीनदा दाखवली की तिसऱ्यांदा ती बरोबरच सांगते. म्हणून तर आई रोज टिकल्या पालथ्या घालून पिसायची. हे तिने मुंगीला सांगितलं नव्हतं. पाच मोजायचं सांगितलं, राखाडी पुठ्ठा दिला, आणि ही इतकी हातातली सवय, की सांगायची म्हणून सुचलीच नाही.

एकोणीसचा आकडा कच्चा होता.

आता खरं तर आईला आनंद व्हायला हवा होता. हे सांगितलं की अहवाल बाद. साहेबांना तर क हवाच आहे. लेकीच्या हातात झगझगीत टॉर्च येईल, आणि आईला झोप. पण हेच तिला डाचत होतं. सांगणं तिला इतकं सोयीचं होतं, की आपण खरं म्हणून सांगतोय की भीती म्हणून, हे तिचं तिलाच ठरवता येईना. आणि न सांगावं तर? उद्या साहेबांनी मिशाळला सहज विचारलं, "काय रे, कशी झाली परीक्षा?" की तो हाच विनोद पुन्हा करणार. टॉर्च तर जाईलच, वर साहित्याच्या खोलीतल्या बाईने आपल्याला हवा तो निकाल लावून घेतला, असं सगळं ठाणं म्हणेल. ज्या पोरीने इस्पितळात उभ्याउभ्या आपली चूक कबूल केली, तिला लबाड म्हणतील.

आईने हात पुसले.

"अहो, उठा. जिन्याखालच्या खोलीत या."

"कशाला?"

"टॉर्च धरायला."

बाबा पुटपुटत आले. जिन्याखाली अडगळीची खोली होती, दार लावलं की मिट्ट काळोख. आईने लॅबमधून घरी आणलेली हिरड्यांच्या टिकल्यांची जुनी पट्टी काढली. बारा टिकल्या, फिक्या गुलाबीपासून तांबड्या-तपकिरीपर्यंत, प्रत्येकीच्या पाठीवर आकडा. तिने त्या सुट्या केल्या.

"तुम्ही पिसायच्या, तुम्हाला हवी ती समोर धरायची, हवा तो टॉर्च मारायचा. प्रत्येक टिकली दोन्ही टॉर्चमध्ये एकेकदा, पण क्रम मला कळू द्यायचा नाही. मी आकडा सांगेन, तुम्ही पाठ बघून लिहायचं. बरोबर-चूक तोंडाने बोलायचं नाही."

"आणि चेहऱ्याने?"

"अंधार आहे. तुमचा चेहरा कोण बघतंय?"

कुठला टॉर्च लागलाय हे उजेडावरून कळतच होतं; त्याला इलाज नव्हता. पण कुठली टिकली येणार ते कळत नव्हतं. क लागला की आई मुद्दाम मन लावून बघत होती. त्याने जिंकावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि पाच मोजायच्या जागी तिने त्याच्यासाठी दोनदा सात मोजले. एकवीस वर्षांचा डोळा होता. ट्यूबच्या उजेडातही तिने कधी चारहून जास्त टिकल्या चुकवल्या नव्हत्या.

"माझी पाठ गेली," बाबा म्हणाले. "माझी शेड काय आली?"

"पांढरीफटक. पुढची धरा."

चोवीस झाल्यावर दोघं बाहेर आले. बाबांनी चष्मा लावून कागद जुळवला, पुन्हा जुळवला, आणि आईकडे बघितलं.

"ग मध्ये बारापैकी अकरा."

"आणि क?"

"पाच."

आईने कागद ओढून घेतला. सहा, सात आणि दहा या तिन्ही टिकल्यांना तिने क च्या उजेडात एकच आकडा सांगितला होता. दहा नंबरची टिकली अशी तांबडी, की लॅबमधला शिपाईसुद्धा ती ओळखतो. तिने ती टिकली तळहातावर ठेवून क पुन्हा मारला. तपकिरी. ग मारला. तांबडी. दोनदा केलं, चारदा केलं. डोळे चोळले. त्या रात्री बोळात मुंगीने वाकून जे पाहिलं होतं ते तिला पहिल्यांदा दिसलं. पोरीने नीट पाहिलं होतं. पाहण्यात कसूर नव्हती. तिच्या जागी आई असती तर तिनेही तेलच लिहिलं असतं.

बाहेर अंधार पडला होता. दोघं मागच्या मोकळ्या जागेत गेली. बाबांनी पावलं टाकत जाऊन बादली ठेवली. क ने बादली नव्वद पावलांवर दिसली. ग ने साठाच्या पुढे नुसती काळी आकृती.

"तीस पावलं कमी," बाबा परत येत म्हणाले.

"मला मोजता येतं."

"मग? आता काय म्हणणं आहे?"

आई त्या न दिसणाऱ्या तीस पावलांकडे बघत राहिली. भीती होती तिथेच होती, तसूभरही हलली नव्हती. आकड्यांनी ती जाणार नाही, हे तिला कळून चुकलं. पण भीती वाटते म्हणून दहा नंबरची टिकली तपकिरी होत नाही.

"म्हणणं हे, की टॉर्च ग च बरोबर आहे. आणि मुंगीची परीक्षा चूक आहे."

बाबांना आधी कळलं नाही. तिने फळी, क्रम, मिशाळचा विनोद, सगळं सांगितलं. बाबांचं हसू मावळलं. "अरेच्चा. आणि मी खो खो हसलो."

"तीही हसली. तिच्याही ध्यानात आलं नाही."

"पण टॉर्च बरोबरच आहे ना? मग कशाला खोडा घालतेस? बावीस लोकांना पुन्हा तळघरात उतरवायचं म्हणजे शिव्या खाणं आहे. साहेब वेगळे करवादतील. तुझ्या अकरा-पाचवरून कळलंय आपल्याला."

"आपल्याला कळलंय. आणि मी एकटी, तेही जिन्याखाली नवऱ्याने धरलेल्या टॉर्चवर. हा काय पुरावा झाला? तिला बावीस माणसांचा खरा आकडा हवा. कदाचित एकोणीसचे सतरा होतील. सतरा चालतील, पण ते पक्के असतील. कुणी कसंही विचारलं तरी टिकतील."

"रागावेल ती."

"रागावू दे."

"बरं, मग उद्या टॉर्च न्यायला येईल तेव्हा सांग. समोरासमोर."

"उद्या ती अहवाल सही करून पिशवीत घालूनच येईल. सही झालेला कागद मागे घ्यायला लावायचा आणि न झालेल्यावर सही थांबवायची, यात फरक आहे. आत्ता ती लिहीत बसली असेल."

बाबांनी दोन्ही टॉर्च विझवले. मग म्हणाले, "तुला क हवा होता ना गं?"

"अजूनही हवाय," आई म्हणाली आणि घरात गेली.

खुर्चीवर बसून तिने कागदाच्या मागच्या बाजूला काय बोलायचं ते ओळीने लिहून काढलं, कारण मुंगी मध्येच तोडेल हे तिला ठाऊक होतं. आधी चूक सांगायची, सरळ, 'वाईट वाटून घेऊ नकोस' वगैरे प्रस्तावना न लावता. मग ही चूक निम्मी आपली, कारण टिकल्या पिसायचं सांगायला आपणच विसरलो. मग उपाय: तीन फळ्या, प्रत्येकीवर तुकडे वेगळ्या जागी, आणि कुणाला आधी ग, कुणाला आधी क; तुकडे कापून लावायला आपण रजा टाकून येतो. साहेबांकडून दोन दिवस मागून घ्यायचे आणि का मागतोय ते लपवायचं नाही. शेवटी अकरा आणि पाच. बादलीचं काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तेच आधी तोंडातून आलं असतं.

"मिशाळला तेवढं शेवटी पाठवायला सांग," बाबा दारातून म्हणाले. "नाहीतर सगळ्यांना पढवून ठेवेल."

आईने तेही लिहिलं, कागद गुडघ्यावर सपाट केला आणि मुंगीला फोन लावला.